मोरचुदाची पेज आणि एक फ्रेंच प्राध्यापक

आमच्या पुस्तकांच्या कपाटावर लाकडाची एक चकती ठेवलेली आहे. येणारे-जाणारे तिला शोभेची वस्तू समजतात, एखादा हौशी माणूस हातात घेऊन चंदनाची का, असेही विचारतो. ती चकती म्हणजे द्राक्षवेलीच्या खोडाचा आडवा काप. तिचा बराचसा भाग फिकट, निरोगी लाकडाचा आहे. पण भाकरीचा चतकोर मोडून घ्यावा तसा एक पाचरीसारखा तुकडा मात्र काळपट तपकिरी, मेलेला. १९९२ पासून ती मी जपून ठेवली आहे, आणि ती कौतुकाने नव्हे.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग होती. कॉलेजच्या परीक्षा संपल्या की मी मामांकडे जायचो आणि नेमकी तेव्हाच खरड छाटणी चालू असायची. ज्यांच्या घरी द्राक्षे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी काड्या तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरमधली छाटणी फळासाठी. एप्रिलमध्ये वेल जवळजवळ बोडकी केली जाते. छाटणीची टोळी कात्र्या घेऊन पुढे जायची आणि तिच्या मागून मी, हातात निळी बादली आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन. जिथे मोठा काप झाला असेल तिथे बादलीतली निळी पेस्ट लावायची, एवढेच माझे काम. मामा तिला बोर्डो म्हणत. बोर्डो हे एखाद्या कंपनीचे नाव असावे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. मामांचीही तीच असावी.

१९८९ च्या एप्रिलमध्ये एका दुपारी उन्हाने जीव नकोसा झाला. चार ओळी राहिल्या होत्या. त्या उद्या करू म्हणून बादली झाडाखाली ठेवली आणि मावसभावाबरोबर नाशिकला सिनेमाला गेलो. त्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी मामांनी विचारले तेव्हा पेस्ट सगळीकडे लावून झाली, असे मी सांगून टाकले. खोटे बोलणे इतके सोपे असते की ते बोललो हेही माणूस विसरतो. मीही विसरलो. दोन वर्षांनी त्याच चार ओळींत वेलींचे ओलांडे वाळायला लागले. इतर ओळींतही एखाददुसरी वेल गेली, नाही असे नाही. पण तिथे जणू रांगच लागली. छाटणीनंतर फूट खुरटी यायची, पाने कपाएवढी लहान आणि वाकडी, आणि मग एक संपूर्ण हात वाळून जायचा. १९९२ मध्ये मामांनी करवत मागवली आणि पहिले खोड कापले. कपाटावरची चकती त्या खोडाची.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवण्याच्या नोकरीला लागलो आणि त्या निमित्ताने बोर्डोच्या मागचा माणूस मला भेटला. पुस्तकांतूनच, कारण तो १९०२ मध्येच वारला होता. पिएर मारी अॅलेक्सी मिलार्दे हे त्याचे नाव. वनस्पतिरोगांचा कोणताही विद्यार्थी पहिल्या वर्षी हे नाव पाठ करतो, परीक्षेत एक गुण मिळवतो आणि विसरतो. आज त्याची गोष्ट सांगावी असे वाटते, ती त्या एका गुणापलीकडची.

मिलार्दे १३ डिसेंबर १८३८ रोजी पूर्व फ्रान्सच्या ज्यूरा भागातल्या मोंमिरे या लहानशा गावी जन्मला. ऐन तारुण्यात तो जर्मनीत, हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग येथे शिकायला गेला. फ्रायबुर्गला त्या वेळी आंतोन द बारी शिकवत होते. द बारी म्हणजे बुरशीशास्त्राचे कुलगुरूच म्हणा. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले आणि सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. त्या बटाट्यावरची बुरशी हा रोगाचा परिणाम नसून तेच रोगाचे कारण आहे, हे द बारींनी प्रयोगाने सिद्ध केले. आज ही गोष्ट शाळकरी मुलालाही सरळ वाटेल. त्या काळी मात्र झाड हवेने, वयाने किंवा दैवाने आजारी पडते आणि आजारी झाडावर मग बुरशी उगवते, असेच शहाणीसुरती माणसे मानत. बुरशीच्या बीजाणूकडे सूक्ष्मदर्शकातून तासन् तास पाहत बसायचे आणि तो रुजतो कसा, पानात शिरतो कुठून, हे आधी समजून घ्यायचे, ही शिस्त मिलार्देला तिथे लागली.

१८६९ मध्ये तो स्ट्रासबुर्गला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, स्ट्रासबुर्गला वेढा पडला, शहरावर तोफा चालल्या आणि युद्ध संपले तेव्हा ते शहर जर्मनीचे झाले होते. मिलार्दे १८७२ मध्ये नान्सीला गेला. आणि त्याच वर्षी, त्याच स्ट्रासबुर्गला, जर्मनांनी नव्याने उभारलेल्या विद्यापीठात कोण आले, तर त्याचे गुरू द बारी! ज्या शहरातून शिष्याला निघावे लागले, त्याच शहरात गुरूची स्थापना झाली. या योगायोगाने मिलार्देच्या मनात काय झाले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. त्याच्या कामात मात्र गुरूची शिस्त शेवटपर्यंत दिसते.

त्या वेळी फ्रान्सची द्राक्षे मरत होती. याची सुरुवात बरीच आधी झाली होती. आधी भुरी आली, १८५० च्या आसपास. तिच्यावर गंधकाच्या भुकटीचा उपाय सापडला. मग अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर मुळांवर जगणारी एक सूक्ष्म कीड आली, फिलॉक्सेरा. १८६८ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये मेलेल्या नव्हे, तर मरू घातलेल्या वेलींची मुळे उकरली तेव्हा ती सापडली. तिने फ्रान्सच्या द्राक्षशेतीची अक्षरशः वाट लावली. १८७५ मध्ये त्या देशात सुमारे ८४५ कोटी लिटर वाइन तयार झाली होती; १८८९ मध्ये ती २३४ कोटी लिटरवर आली. आपल्याकडच्या वाचकाला वाइनचे दुःख कदाचित कळणार नाही. पण कापसाचा भाव पडल्यावर विदर्भातल्या गावात जे होते, ते डोळ्यांपुढे आणले तर या आकड्यांमागची घरे दिसतील. सरकारने उपाय शोधणाऱ्याला तीन लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. लोकांनी काय काय सुचवले म्हणता! वेलीखाली जिवंत बेडूक पुरण्यापर्यंत मजल गेली. ते बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच मिळाले नाही.

विज्ञान अकादमीने १८७४ मध्ये मिलार्देला फिलॉक्सेराच्या अभ्यासासाठी बोर्दो भागात पाठवले आणि १८७६ मध्ये तो बोर्दो विद्यापीठातच प्राध्यापक म्हणून रुजू झाला. पुढची तेवीस वर्षे तो तिथेच राहिला. किडीवर औषध नाही, पण अमेरिकन वेलींची मुळे तिला दाद देत नाहीत, हे तोवर लक्षात आले होते. तेव्हा मुळे अमेरिकन आणि वरची वेल फ्रेंच, असे कलम करायचे ठरले. आपल्याकडे रायवळ आंब्यावर हापूसचे कलम बांधतात, तसेच. मिलार्दे या मताचा खंदा पुरस्कर्ता होता. मार्की द ग्रासे नावाच्या जमीनदाराबरोबर त्याने अमेरिकन वेलींचे आपसांत आणि युरोपीय वेलींशीही संकर करून नवे खुंट तयार केले. त्यातले १०१-१४, ४१ बी आणि ४२० ए हे खुंट आजही जगभरच्या रोपवाटिकांत विकले जातात आणि त्यांच्यापुढे या दोघांच्या नावांची आद्याक्षरे लावलेली असतात. आपल्या नाशिक-सांगलीकडे डॉगरिज हा वेगळा अमेरिकन खुंट रुजला, तोही फिलॉक्सेरासाठी नव्हे, तर पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन यांच्यामुळे. पण कल्पना तीच.

आणि इथेच खरा घोळ झाला. किडीवरचा उतारा म्हणून ज्या अमेरिकन वेली जहाजे भरभरून आणल्या, त्यांच्या पानांवरून आणखी एक पाहुणा आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये प्रथम ओळखला गेला. आपले बागाईतदार त्याला केवडा किंवा सरळ डाऊनी म्हणतात. पानावर वरून तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी लव. मग पान वाळते, गळते. पाने गेली की घडात साखर भरत नाही. (आजचे शास्त्र या जिवाला खरी बुरशी मानत नाही, शेवाळाच्या नात्यातला मानते. बागाईतदाराला त्याने काही फरक पडत नाही.) एक संकट निवारताना दुसरे घरात घेतले होते, आणि ज्यांनी अमेरिकन वेलींचा आग्रह धरला त्यांत मिलार्दे स्वतः होता. त्याने या नव्या रोगाचा ज्या चिकाटीने पाठलाग केला, तिच्यामागे थोडी टोचणी असावी, असे मला वाटते. हा माझा अंदाज. टोचणी म्हणजे काय हे मला ठाऊक आहे म्हणून केलेला.

त्याने आधी रोगाचे बारकाईने निरीक्षण केले. केवड्याचा बीजाणू पानावर पडतो आणि दवाचा किंवा पावसाचा थेंब मिळाला की फुटतो. त्यातून सूक्ष्म पोहणारे जीव बाहेर पडतात, पाण्यात पोहत पोहत पानाच्या छिद्राशी जातात आणि आत शिरतात. एकदा आत गेले की संपले. बाहेरून काहीही लावा, आतल्या रोगाला ते पोचत नाही. मिलार्देने यावरून साधा पण महत्त्वाचा निष्कर्ष काढला. औषध रोग झाल्यावर द्यायचे नाही. बीजाणू रुजायच्या आधीच पानाच्या पृष्ठभागावर असे काही असले पाहिजे, की त्याला तिथे रुजताच येऊ नये. पण ते काही म्हणजे काय, हे मात्र त्याला सापडत नव्हते.

ते सापडले १८८२ च्या ऑक्टोबरअखेर, आणि तेही रस्त्यावर. बोर्दोच्या उत्तरेला मेदोक भागात सँ-ज्युलिअँ गावाजवळून तो जात होता. केवड्याने त्या वर्षी कहर केला होता, बागाच्या बागा निष्पर्ण झाल्या होत्या. शातो बोकायूच्या बागेशी तो थबकला. आतल्या सगळ्या वेली उघड्या पडल्या होत्या, पण वाटेच्या कडेच्या वेलींवर पाने होती. हिरवी, टवटवीत. जवळ जाऊन पाहिले तर त्या पानांवर निळसर पांढरे काहीतरी शिंपडलेले.

त्या रस्त्याने त्या आठवड्यात शेकडो माणसे गेली असतील. फरक अनेकांच्या डोळ्यांनी पाहिलाही असेल. मिलार्देने मात्र बागेच्या व्यवस्थापकाला गाठले. अर्नेस्ट दाव्हिद हे त्याचे नाव. बाग नॅथॅनिएल जॉन्स्टन नावाच्या धनिकाची. दाव्हिदने सांगितले ते असे, की रस्त्याने जाणारे लोक पिकलेली द्राक्षे तोडून खातात म्हणून मेदोकमध्ये एक जुनी युक्ती आहे : कडेच्या दोन-चार ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडायचा. विषारी दिसते, तोंड लावायची कोणाची हिंमत होत नाही. बस्स, एवढेच. आपल्याकडे नाही का, रस्त्याकडेच्या चिंचेला-आंब्याला शेणकाला फासून ठेवत? तोच प्रकार. चोरासाठी लावलेल्या रंगाने चोराबरोबर रोगही दूर ठेवला होता.

इथे एक जुना दुवा सांगायला हवा. १८०७ मध्येच बेनेडिक्ट प्रेव्होस्त नावाच्या संशोधकाने गव्हाच्या काणीचा अभ्यास करताना पाहिले होते, की तांब्याचा संपर्क आलेल्या पाण्यात काणीचे बीजाणू रुजत नाहीत. त्याचे म्हणणे त्या काळी कोणी फारसे मनावर घेतले नाही. मिलार्देलाही असाच अनुभव आला. प्रयोगशाळेत केवड्याचे बीजाणू रुजवताना त्याच्या लक्षात आले, की त्याच्या घरच्या विहिरीच्या पाण्यात ते नीट रुजतच नाहीत. कारण शोधले तर विहिरीच्या पंपाच्या तांब्याचा अंश पाण्यात उतरत होता. पाणी पिण्याच्या भांड्यालाच तांब्या म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना यात गंमत वाटेल, पण त्याचा अर्थ तांब्याचे पाणी सर्व रोगांवर चालते असा कोणी घेऊ नये. बीजाणूला जे मारते ते फार झाले तर माणसालाही सोसत नाही.

नुसता मोरचूद शिंपडला तर पाने भाजतात, शिवाय एका पावसात तो धुऊन जातो. चुना घातला की दोन गोष्टी होतात : मोरचुदाची आम्लता जाते आणि तांबे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या रूपात पानाला घट्ट चिकटून बसते. मग दव पडेल तसे थोडे थोडे सुटत राहते, बरोबर त्याच वेळी, जेव्हा बीजाणूही रुजायला बघत असतो. हे रसायन नीट उलगडून सांगायला मिलार्देला जोडीदार मिळाला तो युलिस गायों, बोर्दोचाच रसायनशास्त्रज्ञ आणि पाश्चरचा शिष्य. दोन-तीन वर्षे प्रयोग झाले. दाव्हिदच्या देखरेखीखाली बोकायू आणि दोझाक येथल्या बागांतही ते झाले. १८८५ मध्ये मिलार्देने कृती प्रसिद्ध केली. आठ किलो मोरचूद शंभर लिटर पाण्यात विरघळवायचा. वेगळ्या भांड्यात पंधरा किलो कळीचा चुना तीस लिटर पाण्यात विरवायचा. दोन्ही एकत्र करायचे. होते ती निळसर दाट पेज. कामकऱ्यांनी ती बादलीतून न्यायची आणि झुडपाच्या काटक्यांच्या लहान केरसुणीने पानांवर शिंपडायची, घडांना लागू न देता. फ्रेंचमध्ये तिचे नाव पडले त्याचा अर्थच मुळी बोर्दोची पेज असा होतो. इंग्रजांनी त्याचे मिक्श्चर केले, आपण मिश्रण केले. पेज हा शब्द जास्त खरा होता.

त्या वर्षीच्या शरदात मेदोकमध्ये जे दिसले त्याने वाद मिटला. फवारलेल्या ओळी हिरव्या, न फवारलेल्या ओळी काटक्यांसारख्या, आणि मध्ये फक्त दोन पावलांची वाट. पुढे दोन-चार वर्षांत पाठीवरचे पंप निघाले, मोरचुदाचे प्रमाण कमी केले तरी चालते हे कळले आणि ती पेज जगभर गेली. बटाट्याला गेली, म्हणजे ज्या रोगाने आयर्लंड उपाशी मारले त्याच रोगावर. १९१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानात कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाने ती सुपारीच्या कोळेरोगावर वापरून दाखवली. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या तोंडाला सुपारीच्या बागेत जी निळी फवारणी चालते, तिचे मूळ गाव हे असे मेदोकमधले आहे.

यशाला वाटेकरी फार असतात. बर्गंडीच्या लोकांनी म्हटले, आमच्याकडे वेलींच्या खुंट्या मोरचुदात भिजवायचा रिवाज आहे आणि त्या खुंट्यांजवळची पाने आम्हीही हिरवी पाहिली. इटालियन म्हणाले, चुन्याची निवळी आम्ही आधीपासून वापरतो. वर्षानुवर्षे वाद चालला. मिलार्दे स्वतःच्या अग्रहक्काबद्दल आग्रही होता, काही वेळा जरा जास्तच. पण त्याने आपल्या लेखांत दाव्हिद आणि जॉन्स्टन यांची नावे नोंदवली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शेतात दिसलेल्या गोष्टीचे श्रेय शेतातल्या माणसाला देण्याची पद्धत आजही सर्वत्र आहे असे नाही. १८९९ मध्ये तो अध्यापनातून निवृत्त झाला आणि १५ डिसेंबर १९०२ रोजी, चौसष्टाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, बोर्दोलाच वारला.

त्याचे औषध पानांना वाचवते. माझ्या कपाटावरच्या चकतीतला रोग मात्र पानाचा नाही, लाकडाचा आहे. त्याच्यापुढे मिलार्देची पेज अर्ध्या वाटेवर थांबते.

खोडाचे हे रोग द्राक्षवेलीइतकेच जुने असावेत. वेगवेगळ्या बुरशा ते करतात; आपल्या उष्ण हवेत लॅसिओडिप्लोडिया नावाची एक फार आढळते, थंड देशांत युटिपा, आणि तिकडे एस्का म्हणून एक प्रकार आहे, ज्यात एखादी भरली वेल ऐन उन्हाळ्यात चार-आठ दिवसांत उभी वाळून जाते. एस्का म्हणजे चकमकीची ठिणगी धरायला वापरतात तो भुसभुशीत काला. खोड आतून तसे होते म्हणून हे नाव. या साऱ्यांची वाट बहुतेक एकच : छाटणीची जखम. पाऊस पडला की मेलेल्या फांद्यांवरचे बीजाणू सुटतात, ताज्या कापावर पडतात आणि लाकडात उतरतात. जखम कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे उघडी असते. पुढे बुरशी वर्षाला थोडी थोडी खाली सरकत जाते. बाहेरून वेल छान दिसते, फळही देते. ओलांडा वाळतो तेव्हा आतले काम दोन-तीन वर्षे आधीच झालेले असते.

फ्रान्समध्ये जुने बागाईतदार असे खोड उभे चिरून फटीत दगड बसवत, आत हवा खेळून बुरशी वाळावी म्हणून. विसाव्या शतकात सोमलाचे एक संयुग खोडावर फवारायची प्रथा पडली. त्याने एस्का आटोक्यात राही, पण ते माणसाला घातक म्हणून फ्रान्सने २००१ मध्ये त्यावर बंदी घातली. त्यानंतर त्याच्या तोडीचे औषध सापडलेले नाही. शिवाय एक कडवट गोष्ट अशी की, मिलार्देच्या पिढीने फिलॉक्सेरावर कलमाचा तोडगा काढला, आणि प्रत्येक कलम ही मुळात एक जखम असते. रोपवाटिकेतच त्या जखमेतून काही खोडरोग शिरतात, असे आता दिसून आले आहे. म्हणून कलमे बांधणे चुकले असे कोणी म्हणणार नाही. ती नसती तर फ्रान्समध्ये द्राक्षच उरले नसते. तांब्याचेही तसेच. ते जमिनीतून जात नाही, साचते. शंभर-सव्वाशे वर्षे फवारलेल्या बोर्दोच्या मातीत त्याचे थर आहेत आणि युरोपीय संघाने २०१८ मध्ये सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

मग जखमेला पेस्ट लावून उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मिलार्देच्याच तर्काने. आत शिरल्यावर नाही, शिरण्याआधी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. पेज नव्हे, अगदी दाट. छाटणी झाल्याबरोबर, त्याच दिवशी, पावसाची वाट न पाहता. शंभर टक्के खात्री कोणी देत नाही आणि आज याखेरीज इतरही औषधे आहेत. पण उघडी जखम आणि झाकलेली जखम यांत फरक पडतो. त्याचा पुरावा माझ्या कपाटावर आहे.

१९९२ मध्ये मामांनी त्या चार ओळींतल्या वेली उपटल्या नाहीत. काळी पाचर जिथे संपते तिथपर्यंत, म्हणजे जमिनीपासून हातभर उंचीवर, एकेक खोड कापत नेले. काप पूर्ण पांढरा दिसेपर्यंत करवत खाली खाली घ्यायची. त्या काळी आमच्याकडे वेली बहुतेक स्वतःच्याच मुळांवर असत, त्यामुळे खालून येणारी फूट थॉम्पसनचीच होती. एक जोमदार फूट ठेवून तिचेच नवे खोड करायचे. दोन हंगाम बुडाले. मामींच्या पाटल्या त्या वर्षी सोसायटीच्या हप्त्यात गेल्या.

पेस्ट मामांनी स्वतः कालवली, प्लास्टिकच्या ड्रममध्ये. लोखंडी भांडे चालत नाही. मग खिशातून विळ्याचे तुटके पाते काढून ते पेस्टमध्ये बुडवले, जरा वेळाने बाहेर काढून उन्हात धरले. पात्यावर तांबूस छटा आली तर चुना कमी पडला असे समजायचे. छटा नव्हती. त्यांनी बादली भरली आणि माझ्या हातात दिली. मी चारही ओळी केल्या. त्या दिवशी एक काप सुटला नाही.

मिलार्देची ती रस्त्यावरची गोष्ट मी प्रथम वाचली, तेव्हा मामा जाऊन वर्ष झाले होते. वाचता वाचता मी मध्येच थांबलो. निळ्या पेस्टचे डाग छाटणीनंतर महिनोन् महिने खोडावर दिसत राहतात, पावसाने धुतले तरी खुणा राहतात. मामा रोज सकाळी चहा घेऊन अख्ख्या बागेतून एक फेरी मारायचे, ओळीओळीने. १९८९ च्या त्या उन्हाळ्यात सगळी बाग निळ्या ठिपक्यांची होती आणि चार ओळी कोऱ्या होत्या. त्यांना ते दिसले नसेल, असे मला वाटत नाही.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. १९९० च्या एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा बादली नेहमीच्या जागी होती, फक्त ब्रश नवा होता.